‘वेलार्ड’ कुणी शोधला
वसईजवळच्या सांडोर गावचा एक केळीवाला रविवारी चर्चमधून थेट माझ्याकडे यायचा. एका म्हाताऱ्या फादरांकडून तो पोर्तुगीज शिकला होता. शब्द विचारला की आधी डोळे मिटायचा. मुंबईच्या जुन्या इंग्रजीत समुद्र अडवून बांधलेल्या रस्त्याला ‘वेलार्ड’ म्हणत; तो शब्द कुठून आला, हे मी वर्षभर शोधत होतो. तो म्हणाला, “सर, ‘वलादो’ म्हंजे बांध. पानी अडवायचा.”

लेख मी माझ्याच शोधाचा म्हणून छापला. अंक दाखवल्यावर त्यानं ओळीओळीवरून बोट फिरवत आपलं नाव शोधलं, पानही उलटून पाहिलं. मग म्हणाला, “छान झालाय, सर.” पुन्हा तो आला नाही.

परवा दुरुस्ती छापायची म्हणून त्याचं पूर्ण नाव विचारायला घरी गेलो. ते मला कधीच ठाऊक नव्हतं. बायको म्हणाली, “ते पावसाळ्यातच वारले, सर. आता छापून कोनाला दाखवाल?”