सूतगिरणीच्या पत्रकातला फोटो
छापखान्याच्या ओल्या शाईचा वास आला की मला जानेफळचा बाजार आठवतो. होऊ घातलेल्या सूतगिरणीचे शेअर निघाले होते आणि त्यांची गुळगुळीत पत्रकं एक एजंट कापसाच्या गाड्यांमधून वाटत फिरत होता. एक पत्रक बाबांच्या हातात आलं आणि ते जागीच थिजले. वर त्यांचाच फोटो होता, पांढरा फेटा, ओंजळीत कापूस, आणि खाली छापलं होतं, 'आमचे पहिले भागधारक'. मागच्या हंगामात कुणी फुकट फोटो काढून देतो म्हणाला, म्हणून ते हौसेनं उभे राहिले होते, एवढंच. बाबा गाडीवर चढले. "मी एकबी शेअर नाई घेतला. हा कागद खोटा हाय." त्यांचाच जुना दोस्त खालून म्हणाला, "काऊन बे, आमाले भेव दाखून सारी गिरणी तुले एकट्यालेच पाह्यजे काय?" लोक हसले आणि एजंटकडे वळले. बाबा गाडीवर तसेच उभे राहिले, हातात पत्रक. अजूनही जाहिरातीत हसरा शेतकरी दिसला की मी मजकूर वाचत नाही. त्याला कुणी विचारलं असेल का, हेच मनात येतं.