तारवाचं दार

योहान गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. त्याची मुलगी मार्था एवढंच म्हणाली, “काका, पप्पा गेले. दुपारी, झोपेतच.” मी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, की झोप शांत होती ना? असं कोण विचारतं... पण आम्हा दोघांत झोपेचा विषय फार जुना होता. योहानला जाऊन आता दीड महिना झाला.

योहान साळवे आणि मी बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात एकाच वर्षी लागलो. मी कचेरीत कारकून, तो पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे लोखंड ओतण्याआधी लागणारे लाकडी नमुने बनवणारा. आमचे पणजोबा बडोद्याच्या महाराजांच्या फौजेत होते, ही बढाई मी पहिल्याच आठवड्यात मारली. तो शांतपणे म्हणाला, “आमच्यात एक सुतार होऊन गेला, तेवढं पुरे.” तो येशूबद्दल म्हणतोय, हे कळायला मला दोन दिवस लागले. पुढे क्वार्टरही एकाच इमारतीत मिळालं, तो खाली आणि मी वर.

रविवारी चर्चमध्ये तो मुलांना शिकवायचा, आणि शिकवायचा काय, तर जहाजं! बायबल त्याने सुताराच्या नजरेने वाचलं होतं. चर्चचं छत दाखवून म्हणायचा, “बघा, उलटी होडी आहे. आपण तिच्या पोटात बसलोय.” जलप्रलयातून तरलेलं नोहाचं जहाज, म्हणजे तारू, त्याने शास्त्रात दिलेल्या मापाच्या प्रमाणात छोटंसं सागवानात केलं, आतबाहेर डांबर लावून. मी विचारलं, सुकाणू कुठाय? म्हणाला, “ड्रॉइंगमध्ये नाही. शीडही नाही, वल्हीही नाहीत.” दाराला कडी होती, पण बाहेरून. कारण नोहाने दार लावलंच नाही, देवाने लावलं, असं तिथे लिहिलंय म्हणे. मी सहज बोलून गेलो, “मग बाहेर बुडणाऱ्यांनी दार ठोकलं असेल की रे.” तो पॉलिश करता करता थांबला. एवढा विचार त्याने केला नव्हता, आणि तो त्याच्या डोक्यात मी घातला, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण दोनच वर्षांनी बडोद्यात पूर आला. नाल्यातून उलटं पाणी शिरलं आणि दुपारी आमच्या खालच्या घरांत गुडघाभर, बाहेर तर छातीभर झालं. बडोद्यात पुराचं भय पाण्यापेक्षा मगरीचं. विश्वामित्री नदी फुगली की मगरी वस्तीत येतात, हे पोरासोरांनाही ठाऊक. कोणीतरी ओरडलं, “मगर आव्यो, बारणां बंध करो!” आणि अख्ख्या इमारतीची दारं धडाधड लागली. योहानने दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि पाठ लावून उभा राहिला. मग दारावर काहीतरी आपटलं. थोड्या वेळाने पुन्हा. आणि मग नाहीच.

पाणी उतरल्यावर शेजारच्या बैठ्या घरातल्या रेवाबेन त्याच्या पायरीपाशी मेलेल्या सापडल्या. एकट्या राहायच्या. त्यांच्या घराची मागची भिंत पडली होती.

आठवडाभर योहान झोपला नाही. शेवटी जिन्यात मला अडवून म्हणाला, “दत्ता, तू वर होतास. काय होतं ते?” मी म्हणालो, “मगरच होती. मी खिडकीतून पाहिली, तुझ्या दारावर शेपूट मारत होती.” प्रत्यक्षात मी खिडकी लावून, पडदा ओढून, कॉटवर पाय वर घेऊन बसलो होतो. फौजेतल्या पणजोबांचा पणतू! त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि घरी जाऊन झोपला.

पण दाराची आतली कडी त्याने काढून टाकली ती कायमची. कारखान्यातली कामं बाहेरच्या ठेकेदारांकडे जायला लागली, पॅटर्न शॉप ओस पडलं, घराघरांत रंगीत टीव्ही आणि जाळीचे दरवाजे आले. याचं दार आपलं लोटलेलंच. भर दुपारी बोलता बोलता एकदम उठायचा, दार उघडायचा, रिकाम्या पायरीकडे बघून म्हणायचा, “आव, बेन.” मी चहाचा कप हातात धरून बसायचो. कोणाला बोलावतोस, हे विचारायची हिंमत झाली नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा तो अंथरुणावर होता. म्हणाला, “बायबलात जहाजात दोघं झोपले बघ. वादळ चाललेलं आणि योना तळाशी गाढ झोपलेला, कारण तो देवाच्या आज्ञेपासून पळालेला. येशूही झोपला, उशी घेऊन. त्याला भय नव्हतं. झोप बाहेरून सारखीच दिसते... माझी कुठली रे?”

मी म्हटलं, “तू काय पाप केलंस? मगर होती.”

तो हसला. “मगर थांबून थांबून दार ठोकत नाही, दत्ता. मला तेव्हाच कळलं होतं. पण तू म्हणालास, म्हणून झोपायचो.”

मी त्याची उशी सारखी केली. बोलायला हवं होतं.

अंत्ययात्रेआधी घरातच पेटी बंद केली. झाकण नीट बसलंय का, हे बघायला त्याच्या पुतण्याने वरून मुठीने ठोकलं. जरा थांबून पुन्हा ठोकलं. “थांबा,” मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. चर्चच्या पाळकांनी विचारलं, “दर्शन राहिलं का?” मी म्हणालो, “हो. उघडा.” मार्थाने खूण केली, त्यांनी झाकण उचललं. योहान निजला होता, डोक्याखाली छोटी उशी. खोलीतले सगळे बघत असताना मी वाकलो आणि त्याच्या कानाशी जे पुराच्या दिवशीच सांगायला हवं होतं ते सांगितलं.

“रेवाबेन ‘योहानभाई’ म्हणाल्या होत्या रे. दोनदा. मला वर ऐकू आलं होतं.”

मग झाकण मी माझ्या हातांनी लावलं.