तारेत ओवलेल्या स्प्रिंगा

गल्लीत त्याला ‘इंजिनियर’ म्हणत. पदवी गल्लीनेच दिलेली, तीही निम्मी चेष्टेत. पण हे त्याला तीस वर्षांत कळलं नाही. रेडिएटरच्या झाकणांतून उपटलेल्या स्प्रिंगा त्याने तारेत ओवून आपल्या गॅरेजच्या भिंतीला टांगल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला तो त्या अशा दाखवायचा, जणू मारलेल्या वाघांची मुंडकी.

“इंजिनाला कोंडायचं नाही. श्वास घेऊ द्यायचा.”

त्याचा मेहुणा टॅक्सी चालवायचा. इंजिनियर त्याच्या ताईचा नवरा, म्हणून गाडी त्याच्याकडेच न्यावी लागे. तिचीही स्प्रिंग त्या तारेत गेली, आणि महिन्याभरात गाडी चढावर तीनदा उकळली होती. आणखी एकदा उकळली, की इंजिन कामातून जाणार आणि घरची चूल बंद.

“पाणी कमी घालतोस,” इंजिनियर म्हणाला. “दुसरं काय?”

मेहुणा ताईच्या स्वयंपाकघरात शिरला. ती कुकरवर शिट्टी बसवत होती.

“ताई, ही काढून टाकली तर?”

“तर वाफ निघून जाईल, पाणी आटेल आणि बटाटे तसेच राहतील. दाब असला की पाणी जास्त तापतं, पण उकळून जात नाही. तुझ्या दाजींना सांगून पाहिलं. म्हणाले, तू भांडी बघ.”

मेहुण्याला हसू आलं, मग कीव आली, मग तीही उरली नाही. पंपाने पाणी इंजिनभोवती फिरवायचं, पाण्याने उष्णता उचलायची, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत वाऱ्याने निवायचं, पुन्हा आत जायचं; आणि ते उकळू नये म्हणून झाकणातल्या स्प्रिंगने दाब धरायचा. एवढंच. पाना फिरवण्यात दाजींचे केस पिकले, आणि एवढंही ठाऊक नव्हतं.

त्याने नवं झाकण बसवलं आणि इंजिनियरला शेजारी घेऊन गाडी चढावर घातली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

“बघ, परवा नळ्या धुतल्या ना, हा माझ्या हाताचा गुण,” म्हणत वर पोचताच इंजिनियर उतरला. “थांब, पाणी दाखवतो.” बॉनेट उघडून, बिनस्प्रिंगच्या झाकणांना सरावलेला तो हात त्याने बेधडक तापल्या झाकणाकडे नेला.

उघडू दे, असं मेहुण्याला क्षणभर वाटलं. मग ताई आठवली. त्याने मनगट धरलं.

“उकळतं पाणी तोंडावर येईल, दाजी.”

“मला शिकवतोस?”

“छे. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. नुसता हात धरतोय.”

इंजिन निवेपर्यंत, म्हणजे चांगला अर्धा तास, दोघे तसेच उभे होते. परतताना इंजिनियरने एकच विचारलं,

“या नव्या झाकणातली स्प्रिंग कधी काढायची?”