पाठ केलेली साक्ष

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात त्याला सगळे घडी म्हणत. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून शर्टांच्या घड्या घालण्यात त्याची हयात गेली होती, आणि बोलणंही तसंच, दुमडून आत ठेवलेलं. चहा गार मिळाला तरी "असू दे" म्हणून पिऊन टाकणारा माणूस. शेजारच्या वाफेच्या प्रेसवर त्याचा साडू काम करायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साडू मात्र तोंडाचा पट्टा सोडला की थांबायचा नाही. "आम्हा दोघांत मिळून दोन माणसांचं बोलणं होतं," तो म्हणायचा, "पण ह्याच्या वाटचं पण मलाच बोलावं लागतं."

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच तापलेलं जड झाकण खाली यायचं. हात बटणांवर अडकलेले असले की झाकणाखाली जायची भीती नाही, म्हणून ती सोय. पण कामाचा ढीग वाढला की मुकादम एक बटण चिंधीने दाबून बांधून टाकायचा. मग एक हात मोकळा राही, आणि त्या हाताने कापड सारखं करता येई. काम भराभर उरके. कधी मुकादम बांधायचा, कधी त्याची कटकट नको म्हणून कामगारच बांधायचे. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

एका सकाळी साडूचा उजवा हात झाकणाखाली गेला. बोटं गेली. त्या दिवशी बटण मुकादमाने बांधलं होतं. घडीने आपल्या टेबलावरून ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. साडूला मात्र त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. घरातून निघालो इथपर्यंत आठवतं, मग एकदम दवाखान्याचं छत, असं तो सांगायचा. मालकाने हात झटकले. कामगाराने स्वतःच बटण बांधलं, चूक त्याची, आमचा काय संबंध? बाकीच्यांना विचारलं तर त्या वेळी जो तो पाठमोरा उभा होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि साक्षीदार उरला एकटा घडी.

समन्स हातात पडलं आणि घडीचं कामातलं लक्ष उडालं. ज्याने कधी कापडाला डाग पडू दिला नव्हता, त्याने एका पांढऱ्या कोटाची कॉलर जाळली. साडूचा वकील घाईतला माणूस. जिना उतरता उतरता म्हणाला, "घाबरायचं काय त्यात? जे पाहिलं ते सांगायचं." घडीला हेच कळत नव्हतं. पाहिलं होतं ते डोळ्यांत होतं. ते तोंडातून कसं काढायचं?

तेव्हा बायकोने पदर खोचला.

"अहो, उभे राहा इथे. मी वकील. बोला, काय पाहिलंत?"

"मुकादम आला... बहुतेक आठ वाजले असतील... त्याच्या हातात एक चिंधी होती. पांढरी. नाहीतर पिवळट असेल."

"बहुतेक नाही म्हणायचं. आणि पांढरी की पिवळट?"

"जुन्या उशीच्या अभ्र्याची होती गं. जुनी झाली की कशीही दिसते."

"पांढरी म्हणा. एकच काहीतरी म्हणा. तिकडे माझ्या बहिणीला भाजी चिरून द्यायला नवऱ्याचा हात नाही राहिला, आणि तुम्ही रंग कसले शोधताय?"

घडी "पांढरी" म्हणाला.

मेव्हणीही अधूनमधून येऊन बसायची. ती काही बोलत नसे, नुसती त्याच्याकडे बघत राही, आणि त्याने तो जास्तच गडबडून जाई. शेवटी त्याला आपला मार्ग सापडला. शर्टाला इस्त्री करायचा क्रम ठरलेला असतो. आधी कॉलर, मग खांदे, मग कफ, बाह्या आणि शेवटी अंग. क्रम चुकला की आधी केलेलं पुन्हा चुरगळतं. त्याने साक्षच शर्टावर बसवली. सकाळची पाळी, ही कॉलर. मुकादम प्रेसजवळ आला, हा डावा खांदा. त्याने खिशातून पांढरी चिंधी काढली, हा उजवा. असं करत करत अंगापर्यंत. बोलताना हात टेबलावरून फिरवला की वाक्यामागून वाक्य आपोआप येई.

कोर्टाची तारीख पडली, पुढे गेली, पुन्हा पडली, पुन्हा पुढे गेली. प्रत्येक वेळी बायको म्हणायची, "बरंच झालं, अजून पक्कं होईल." आणि झालंही तसंच. 'बहुतेक' गेलं, 'असेल' गेलं, एक सुरकुती राहिली नाही. एकदा साडू स्वतः ऐकायला आला. ऐकून म्हणाला, "वा! इतकं सलग तर मी पण नाही बोलत."

साक्षीच्या दिवशी घडी पिंजऱ्यात उभा राहिला. आपल्या वकिलाने विचारलं तेव्हा त्याने कठड्यावर तळहात ठेवला, फिरवला आणि कॉलरपासून अंगापर्यंत सगळं न अडखळता म्हटलं. मागच्या बाकावर बायकोचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मग मालकाचा वकील उठला. आवाज अगदी गोड.

"काका, मुकादमाने गाठ मारली ती उभ्याने की वाकून?"

हे शर्टात कुठेच नव्हतं. घडीचा हात कठड्यावर थांबला.

"सकाळची पाळी होती," तो म्हणाला. "मी माझ्या टेबलाशी होतो. मुकादम प्रेसजवळ..."

"ते ऐकलं. उभ्याने की वाकून?"

"सकाळची पाळी होती. मी माझ्या टेबलाशी..."

कोणीतरी हसलं. न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदार, जेवढं विचारलं तेवढंच सांगा." घडीने मान डोलावली, हात पुन्हा कठड्याच्या टोकाला नेला, कारण मधूनच सुरू केलं तर सगळंच चुरगळलं असतं, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "सकाळची पाळी होती." आता सगळेच हसले.

"काका, एवढं छान पाठ कोणी करून घेतलं?"

खोटं बोलायचं नाही अशी शपथ घेतली होती. "बायकोने," घडी म्हणाला.

"आणि तुमची बायको फिर्यादीची कोण?"

"त्याच्या बायकोची बहीण. सख्खी."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचंच नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मुकादमाने येऊन घडीच्या खांद्यावर हात ठेवला. रागवायला त्याच्याकडे आता कारणच उरलं नव्हतं. "मस्त बोललास रे. मला वाटायचं तुला वाचा नाही. उद्या वेळेवर ये, कोटांचा ढीग पडलाय." घडी दुसऱ्या दिवशी वेळेवर गेला. न जाऊन करतो काय?

निकाल लागला तो लागायचा तसाच. साक्षीदार नातेवाईक, साक्ष पढवलेली, भरवसा ठेवता येत नाही. बटण कोणी बांधलं हे सिद्ध होत नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टातून परतताना दोघी बहिणी पुढे चालत होत्या, एकमेकींपासून जरा लांब. मागे हे दोघे. साडू बराच वेळ बोलला नाही, म्हणजे किती वाईट झालं होतं ते समजा.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कोर्ट गेलं खड्ड्यात. मला स्वतःला कळायला पाहिजे. मला आठवत नाही, आणि आपणही बांधायचो कधीकधी. त्या दिवशी ते मी बांधलं नव्हतं ना?"

घडीने ती सकाळ आठवून पाहिली. पूर्वी डोळे मिटले की मुकादमाची पाठ दिसायची, ती मळकी चिंधी दिसायची. आता नुसती वाक्यं आली, एकामागून एक, स्वच्छ, पांढरी. त्यांच्यामागे काय होतं ते त्याला दिसेना. तरी त्याला ठाऊक होतं.

"नाही," तो म्हणाला. "तू नाही बांधलंस."

साडू थांबला. त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हे असं, एवढंच, तिथे म्हणाला असतास तर?"

साडूच्या खांद्यावरची पिशवी घसरली होती. तो डाव्या हाताने ती वर ओढायला बघत होता आणि ती पुन्हा घसरत होती. घडीने हात पुढे केला.

"राहू दे," साडू म्हणाला, आणि पट्टा दातांत धरून पुढे चालू लागला.