सकाळचं मैदान आमचं

माझा आवाज लहानपणापासून मोठा. भीमजयंतीच्या मिरवणुकीत घोषणा द्यायला पोरांच्या आधी मला बोलवायचे, आणि आई म्हणायची की हिला मोबाइल घेऊन काय करायचं, ही गच्चीवरून पार पाटन गावापर्यंत बोलते. आमच्या हिंदी मुलखातल्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम निघाली तेव्हा क्रीडा विभागाच्या मॅडमनी आम्हाला मैदानाला चकरा मारायला लावल्या. पळण्यात मी सगळ्यांच्या मागे होते आणि मागून पुढच्यांना सल्ले देत होते: अगं कोपर आत घे, अगं दम खा. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "तू गोल में खड़ी हो जा. पीछे से चिल्लाने का ही काम है." अशी मी गोलकीपर झाले, पुढे कॅप्टनही. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं आणि सगळ्यांना बोलायचं, माझ्या स्वभावाला याहून चांगली जागा कोणती असणार?

टीम झाली, पण मैदान कुठं आमचं होतं? संध्याकाळी मुलांचं क्रिकेट, मुलांचा फुटबॉल, शिवाय फिरायला येणारे काका लोक. आमच्या वाट्याला सकाळ आली होती, पहिल्या तासाच्या आधीची. आम्हाला तीच सोयीची होती. आमच्या स्ट्रायकरला दुपारनंतर गोहलपुरात वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानावर बसावं लागे. डावीकडे खेळणारी मुलगी मझौलीची, होस्टेलात राहायची, आणि होस्टेलचं फाटक संध्याकाळी लवकर बंद. मला तर घरून संध्याकाळी सोडायचेच नाहीत. सकाळ आहे तर टीम आहे, इतका साधा हिशेब होता.

आणि त्या सकाळवर प्राचार्यांचा डोळा होता. त्यांना तिथं मुलांसाठी क्रिकेटची कोचिंग सुरू करायची होती. मॅडम बिचाऱ्या भांडल्या, हात जोडले, तेव्हा ते एवढ्यावर आले की सीझनच्या शेवटी आपल्याच मैदानावर कॉलेजांची स्पर्धा होते, तिचा कप आणा. "कप लाओ, सुबह तुम्हारी. नहीं तो क्रिकेट वालों की." मॅडमनी हे आम्हाला मैदानावर रिंगण करून बसवून सांगितलं. मझौलीवाली रडायलाच लागली. मला रडू येत नाही, मला राग येतो. मी म्हटलं, कप काय, कपाट आणतो.

आता आमच्या खेळाची गंमत सांगते. माझ्यासमोर खेळणारी स्टॉपर आमच्याच मोहल्ल्यातली. तिचे बाबा आणि माझे बाबा एकाच फॅक्टरीत, दोघांची घरं मूळची भंडाऱ्याकडची. आम्ही मराठी बोलायचो ती घरात आणि जिन्यात. कॉलेजात सगळं हिंदी. स्टॉपरला तर मराठी नीट बोलता यायची नाही, फक्त समजायची, आजी मराठीत रागवायची आणि ही हिंदीत उत्तर द्यायची. सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये कटनीची एक दांडगी पोरगी तिच्या पाठीमागून धावत आली आणि माझ्या तोंडून घरचंच निघालं, "अवं, मागून येऊन राहिली ना!" स्टॉपर गर्रकन वळली, बॉल काढून घेतला. कटनीवाली उभीच राहिली. तिला कळलंच नाही की हिला कोणी काय सांगितलं.

बस्स, माझ्या डोक्यात दिवा लागला. इथं मराठी कोणाला येते? आपण सरळ मराठीत ओरडू, समोरच्यांना काय घंटा कळणार आहे.

मग आम्ही शब्द ठरवले, सगळे घरातले. कोणी मागून आली की "पाहुणी आली". घाई करू नको, बॉल पायाशी ठेव, म्हणायचं असेल तर "चहा ठेव". सगळ्यांनी मागे येऊन गोलसमोर गर्दी करायची तर "दार लाव". फार डोक्यावर आलं की "वावरात मार", म्हणजे बॉल मैदानाबाहेर, जाईल तिथं जाऊ दे. माझ्यासाठी सोडायचा तर "सोड, माझा". डावीकडं, उजवीकडं हे तर होतंच. गोहलपुरवाली पहिल्या दिवशी म्हणाली, "दीदी, ये फुटबॉल है कि किचन?" पण आठवड्याभरात तीच सगळ्यांत फर्मास बोलायला लागली. सकाळी दव पडलेल्या गवतावर आम्ही बोलत बोलत खेळायचो आणि कुंपणाबाहेरून दूधवाले थांबून बघायचे की या पोरी खेळून राहिल्या की संसार करून राहिल्या.

मझौलीवालीनं तर कमाल केली. एका रविवारी मी तिला आणि स्टॉपरला घरी जेवायला आणलं. आईनं वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. तेवढ्यात फाटक वाजलं आणि आई म्हणाली, "पाहुणी आली वाटते." मझौलीवाली भाकरीचा तुकडा हातात धरून ताडकन उठली आणि मागे वळून दोन्ही हात पसरून उभी राहिली. दारात आमची मावशी. ती बिचारी चपला काढता काढता थांबली आणि म्हणाली, "मी जाऊ का परत?" आम्ही हसून हसून लोळलो. आई मात्र मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "पोरीले का शिकवून राहिली तू? सरळ मराठी तरी शिकव."

आणि आम्ही जिंकत होतो हो. हे सांगताना मला आजही बसवत नाही. कटनी, मग नरसिंहपूर, मग सागरची टीम, जी आमच्याहून दीडपट उंच होती. मी मागून ओरडायची, पोरी ऐकायच्या, समोरच्या एकमेकींकडं बघायच्या. सागरच्या कॅप्टननं रेफरीकडं तक्रार केली, "सर, ये कौन सी भाषा बोल रही हैं?" रेफरीनं मला विचारलं. मी म्हटलं, घरची. तो म्हणाला, बोलो. मग आमच्या मैदानावरची ती स्पर्धा, आणि सेमीफायनलला गोहलपुरवालीनं शेवटच्या क्षणाला असा गोल मारला की मी माझा गोलपोस्ट सोडून अख्खं मैदान ओलांडून तिच्या अंगावर जाऊन पडले. दात लागून माझा ओठ फुटला. आम्ही दोघी रक्त पुसत नाचत होतो.

मग आली फायनल. समोर पांढुर्ण्याकडची टीम. आता तुम्ही म्हणाल, पांढुर्णा. नागपूरच्या रस्त्यावरचं गाव, तिथं घराघरात मराठी. हे मला माहीत नव्हतं काय? चांगलं माहीत होतं. माझी एक आत्याच तिकडं दिलेली आहे. पण सीझनभर आम्ही असे चढलेले होतो की आपली भाषा आणखी कोणाची असू शकते हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. स्टॉपरच्या नाही, मॅडमच्या नाही, आणि माझ्या तर नाहीच.

पहिला हाफ सुरू झाला. त्यांची कॅप्टन बारीकशी, लांब वेणी गुंडाळलेली, फार पळायची नाही, नुसती ऐकत असल्यासारखी फिरायची. बॉल त्यांच्याकडं आला की मी ओरडायची, "डावीकडं दार लावा!" आमच्या पोरी डावीकडं गोळा व्हायच्या आणि बॉल उजवीकडून यायचा. दोनदा झालं, तीनदा झालं. मला वाटलं नशीबच वाईट आहे. मग तसाच उजवीकडून बॉल आला आणि गोल झाला. मी जाळ्यातून बॉल काढून राहिली होती तेव्हा ती वेणीवाली जवळून गेली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "ताई, जरा जोरानं बोला ना. आमच्या मागच्या पोरींले ऐकू नाही येऊन राहिलं."

बाप्पा, सगळं सगळं कळत होतं त्यांना.

हाफटाइमला मी स्वतःवर इतकी चिडले होते की पाण्याची बाटली तोंडाला लावता येईना. मॅडम म्हणाल्या, हिंदीत खेळा. मी म्हटलं, थांबा, यांना दाखवते. जे ओरडेन त्याच्या उलट करायचं. दार लाव म्हटलं की सगळ्यांनी पुढे पळायचं. त्या पोरी फसतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मैदानात गेलो, मी संधी पाहून गळा काढला, "दार लावा!" आणि काय सांगू, सगळ्या पोरी जीव खाऊन मागे आल्या. मझौलीवाली तर पार गोलच्या रेषेवर येऊन उभी. मी म्हटलं, "अवं उलट ना!" ती दम खात म्हणाली, "दीदी, पैर सुनते ही नहीं." पुढे एकटी गोहलपुरवाली, तिच्याभोवती चार जणी. समोरच्यांचा बॉल खांबावर आदळून परत आला म्हणून वाचलो. माझ्याच पोरींना मी असं पक्कं शिकवून ठेवलं होतं की आता त्यांच्या पायांतून ते निघत नव्हतं.

मग मी ती हुशारी सोडली. जे तोंडात येईल ते, मराठी, हिंदी, मिळून ओरडायला लागले. ऐकू द्या त्यांना, ऐकून का करतील, पळायचं तर शेवटी पायांनीच आहे. आणि खरंच, आमच्या पोरी पेटल्या. मझौलीवालीनं डावीकडून असा बॉल घातला आणि गोहलपुरवालीनं डोकं लावलं, गोल. एक-एक. आमचं अख्खं कॉलेज उभं राहून ओरडत होतं. मला प्राचार्यांची खुर्ची दिसत होती आणि मनात म्हणत होते, बघा आता, सकाळ आमची.

मॅच संपत आली तेव्हा एक उंच बॉल माझ्यासमोर आला. स्टॉपर डोकं लावायला उडणारच होती. मी घाबरले आणि घाबरल्यावर तोंडातून घरचंच निघतं. "सोड, माझा!" स्टॉपरनं सोडला. तिनं नेहमीच सोडला होता. पण ती बॉल सोडणार हे त्या वेणीवालीलाही कळलं, तिनं मधे नुसता पाय लावला आणि बॉल माझ्या बगलेखालून गेला. शिटी वाजली. हरलो.

स्टॉपर गवतावर बसून होती. मी हात देऊन तिला उठवलं.

बक्षीस समारंभात उपविजेत्यांची ट्रॉफी घ्यायला मला मंचावर बोलावलं. पांढुर्ण्याची कॅप्टन आधीच कप घेऊन बाजूला उभी. मुख्य पाहुण्यांनी ट्रॉफी दिली, आणि प्राचार्य माइकवर हसत हसत म्हणाले, "लड़कियाँ खूब लड़ीं. लेकिन शर्त तो शर्त है. अगले सत्र से सुबह का मैदान क्रिकेट का." मुलांनी टाळ्या पिटल्या. खाली मझौलीवालीनं ओढणीत तोंड खुपसलं, ते मी पाहिलं.

आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मराठीतच सुटला, कारण हिंदीत मला इतकं चिडता येत नाही. "मैदान का तुमच्या आंगणातलं आहे? वर्षभर आम्ही थंडीत येऊन गोटे वेचले, चुना टाकला, तेव्हा तुम्ही कुठं होते? एक दिवस तरी उठून पाहाले आले का? आज गळ्यात हार घालून खुर्चीवर बसले अन् आमची सकाळ वाटून राहिले!" पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. माइक माझ्या तोंडासमोरच होता. पांढुर्ण्याच्या सगळ्या पोरी तोंडावर हात ठेवून उभ्या. मॅडम पांढऱ्या पडल्या.

प्राचार्यांनी इकडं तिकडं पाहिलं. "क्या कह रही है ये?"

वेणीवाली कप कडेवर घेऊन पुढं आली. "सर, मैं बताती हूँ. ये कह रही हैं कि आज हार गए, पर अगले साल इसी मैदान पर पांढुर्ना वालों को हराएँगे. तैयारी के लिए बस सुबह चाहिए. और सर, हमने कह दिया, हम आएँगे."

तिच्या टीमनं खालून जल्लोष केला. मुख्य पाहुणे खूश होऊन टाळ्या वाजवायला लागले. "वाह, इसे कहते हैं खिलाड़ी. क्यों प्रिंसिपल साहब?" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, माइककडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं. "हाँ हाँ, बिलकुल," ते म्हणाले. "सुबह इन्हीं की रहेगी." काय झालं ते आमच्या पोरींना कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर मांडवाचा एक खांब पडता पडता राहिला.

मंचामागे मी तिला गाठलं. म्हटलं, "काहून केलं असं? तुझं काय जात होतं?"

ती कपाला लागलेली माती पदराच्या टोकानं पुसावी तशी टी-शर्टनं पुसत होती. "आमच्याकडं मैदान नाही ना ताई. बाजाराच्या जागेवर खेळतो आम्ही, बाजार नसतो त्या दिवशी. गवतावर इथंच पहिल्यांदा खेळलो." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमचं गेलं असतं तर मग आम्ही खेळाले कुठं यायचं?"

हरल्यावर मला रडू आलं नव्हतं. तिथं मी त्या जिंकलेल्या पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले, आणि ती एका हातानं कप सांभाळत दुसऱ्या हातानं माझी पाठ थोपटत म्हणत होती, "राहू द्या ना ताई, आमची गाडी उभी आहे."