‘हॅव’ राहिलं आणि नोकरीच सुटली!

मित्रांनो, आज दुपारी रुखसानानं मंठ्यातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासमध्ये बसून मोबाईलवर मुलाखत दिली. ती जालन्यात नर्स आहे. आता तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचंय.

ती म्हणाली, “आय वर्क्ड इन जालना फॉर फोर इयर्स.”

पलीकडच्या मॅडमनी लगेच विचारलं, “मग तिथली नोकरी का सोडली?”

रुखसाना गडबडली. मी समोरच होतो, पण मधे बोलणं बरोबर नव्हतं. मग तीच म्हणाली, “सॉरी मॅडम. आय हॅव वर्क्ड इन जालना फॉर फोर इयर्स. आय ॲम स्टिल देअर.”

मॅडम हसल्या आणि पुढचं विचारू लागल्या.

फोन ठेवल्यावर रुखसाना म्हणाली, “सर, एक हॅव न्हाई लावलं तर माझी नोकरीच गेल्ती की!”

बिलकुल बराबर! किती वर्षं ते सांगताना काम अजून चालू असेल, तर ‘हॅव वर्क्ड’. संपलं असेल, तर नुसतं ‘वर्क्ड’.

आत्ताच तिचा मेसेज आलाय, निवड झाली!

तुमचं कोणतं काम वर्षानुवर्षं चालू आहे? ‘आय हॅव’नं सुरुवात करून खाली लिहा. चुकलात तरी इथं कुणी नोकरीवरून काढणार नाही.