सरांनी रंजनाला सांगितलेलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तसं पाहिलं तर काय घडलं होतं? एक निरोप द्यायचा होता — तो मी बदलून दिला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कल्याणच्या मराठी शाळेत शिकलो, ठाण्याला बी.ए. झालो, आणि वकील व्हायचं ठरवलं. मला हव्या त्या लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा होती, आणि तिच्यात इंग्रजी निबंध. बाकीचं पाठ करता येतं. निबंधाचं काय करायचं?

डोंबिवलीत एक निवृत्त सर होते. फी घेत नसत. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नसे. आपण निबंध मोठ्यानं वाचायचा, ते तोंडी सुधारणा सांगायचे. आज मी जो काही आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे — हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या वर्गातली रंजनाही तीच परीक्षा देणार होती. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेतची, कोळ्यांच्या घरातली. आईबरोबर बाजारात मासळी विकायला बसायची, म्हणून तिला डोंबिवलीला येणं जमत नसे. तिचे निबंध मी न्यायचो, सरांना वाचून दाखवायचो, आणि ते काय म्हणाले ते तिला येऊन सांगायचो.

एकदा विषय होता ‘कायदा आणि सामान्य माणूस’. मी लोकशाहीचे आधारस्तंभ वगैरे उभे केले होते. रंजनानं लिहिलं होतं — कारखान्याचं पाणी खाडीत सुटतं त्या दिवशी तिचे बाबा जाळं घराबाहेर काढतच नाहीत, आणि तक्रार कुठे करायची हे गावात कुणाला माहीत नाही. छोटी छोटी वाक्यं. सरांनी चहाची बशी खाली ठेवली.

“पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“तिला सांग, असंच लिही. परीक्षेतही असंच. आणि तू जरा शीक तिच्याकडून.”

त्या शेवटच्या वाक्यानं मी दुखावलो, असं म्हणता येईल. पण खरं सांगू? तिचा निबंध किती चांगला आहे, हे मला पहिल्यांदा वाचतानाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो.

“बोला वकीलसाहेब, काय बोलले सर?”

“घरचं रडगाणं नको म्हणाले. जरा भारदस्त लिही.”

“रडगाणं बोलले?”

“हो.”

ती हात पुसत जरा हसली. “बरं झालं सांगितलंस. नाहीतर पेपरात पण हेच लिहून आले असते.”

पुढे तिचे निबंध माझ्यासारखे होत गेले. ते मी सरांना वाचून दाखवलेच नाहीत — तिला वेळ मिळत नाही, असं सांगितलं. आणि तिला सांगितलं, सर खूश आहेत.

परीक्षेत मी माझे वडील ज्या कारखान्यात कामाला होते त्याबद्दल लिहिलं. छोट्या वाक्यांत. यादीत माझं नाव लागलं. तिचं नाही.

पेढे घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी आधी तिचंच विचारलं.

“नाही झालं? मी सांगितलं तसंच लिहिलं होतं ना तिनं?”

“हो सर.”

“मग माझंच चुकलं,” ते म्हणाले. “पोरीचं वर्ष घालवलं मी.”

मी नमस्कार केला आणि निघालो.

त्यानंतर सरांनी कुणाचे निबंध ऐकले नाहीत. ते गेले तेही हेच समजून. आणि आपलं लिहिणं सरांना रडगाणं वाटलं, असं रंजना अजून समजत असेल.